माइक मार्टिन आणि फ्लोरिडा स्टेट बेसबॉलची ४० वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलबद्दल जे प्रश्न येतात, त्यातले निम्मेअधिक फिरून फिरून एकाच माणसापाशी येतात. विचारणाऱ्यांत तिकडे शिकायला गेलेली मुलं आहेत, ज्यांची मुलं तिथल्या शाळेत बेसबॉल खेळतात असे आईवडील आहेत, आणि २,०२९ हा आकडा कुठंतरी वाचून चक्रावलेले क्रिकेटवालेही आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे शेवटी.

१. माइक मार्टिन कोण होते?

फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी. तिथल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघाचे ते १९८० ते २०१९ असे सलग ४० हंगाम मुख्य कोच होते. त्यांच्या हाताखाली संघानं २,०२९ सामने जिंकले, ७३६ गमावले आणि ४ बरोबरीत सुटले. कॉलेज बेसबॉलमध्ये कुठल्याही कोचच्या नावावर एवढे विजय नाहीत. त्यांच्या जर्सीचा क्रमांक ११ होता आणि खेळाडू त्यांना ‘इलेव्हन’ म्हणूनच हाक मारत. जन्म १९४४चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथला. १ फेब्रुवारी २०२४ला, वयाच्या ७९व्या वर्षी ते गेले. शेवटच्या काळात त्यांना लुई बॉडी डिमेन्शिया हा स्मृतिभ्रंशाचा आजार होता.

२. कॉलेज बेसबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांसारखंच ना?

नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ वर्षातून काही दिवसांसाठी जमतो आणि पांगतो. तिकडे पहिल्या डिव्हिजनचा संघ फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत साधारण ५६ सामने खेळतो, त्यानंतर बाद फेऱ्या. स्वतःचं स्टेडियम, पूर्णवेळ कोच, तिकीट काढून येणारे प्रेक्षक, टीव्हीवर सामने. आणि खेळाडू मात्र विद्यार्थी. त्यांना वर्गात बसावं लागतं, परीक्षा द्याव्या लागतात, आणि नापास झालं तर मैदानात उतरता येत नाही.

आणखी एक फरक कानाला लगेच कळतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट लाकडाची असते, कॉलेजमध्ये धातूची चालते. चेंडू बॅटवर आला की ‘टिंग’ असा आवाज येतो. २०११पासून या बॅटची उसळी कमी करणारे कडक नियम आले आणि सगळीकडेच होमरन (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) घटले.

३. कोच स्वतः खेळाडूंचा युनिफॉर्म घालून का उभा असतो?

बेसबॉलची जुनी रीत आहे. मुख्य कोचही संघाचीच जर्सी घालतो, क्रमांकासकट. कॉलेज पातळीवर मुख्य कोच बऱ्याचदा तिसऱ्या बेसजवळ (धावणाऱ्यानं गाठायच्या चार टप्प्यांतला तिसरा) उभा राहून धावणाऱ्याला ‘थांब’ किंवा ‘जा’ची खूण करतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलायचा, कुणाला बंट मारायला (बॅटनं चेंडू हलकेच ढकलायला) सांगायचं, हे सगळं सामना चालू असताना तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये यातलं बरंचसं काम कप्तानाकडे असतं, म्हणून आपल्याला ‘कोच’ म्हटलं की ड्रेसिंगरूममध्ये बसलेला माणूस आठवतो. इथं प्रत्येक हार-जीत थेट कोचच्या नावावर लिहिली जाते ती याचमुळे.

४. ते या जागेवर आले कसे?

सरळ रस्त्यानं नाही. आधी विंगेट नावाच्या ज्युनिअर (दोन वर्षांच्या) कॉलेजात खेळले, तिथून फ्लोरिडा स्टेटमध्ये बदली घेऊन सेंटरफील्डर (मैदानाच्या मधल्या, लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) झाले आणि १९६५च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात, खेळले. पुढं मेट्स आणि टायगर्स या संघांच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये काही काळ काढला, पण मेजर लीग या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत पोचले नाहीत. टॅलाहासी कम्युनिटी कॉलेजात तर ते बास्केटबॉलचे कोच होते!

१९७५ला फ्लोरिडा स्टेटमध्ये सहायक म्हणून परतले. मुख्य कोच आधी वुडी वुडवर्ड होते, मग १९७९मध्ये एका हंगामापुरते डिक हाउसर. हाउसर यांना न्यू यॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचं मॅनेजरपद (तिथं मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) मिळालं आणि ते गेले. रिकामी जागा पस्तिशीतल्या मार्टिन यांना मिळाली. हाउसर यांनी पुढं १९८५मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम फेरी, जिंकून दिली. फ्लोरिडा स्टेटच्या स्टेडियमला आज हाउसर यांचं नाव आहे आणि त्यातल्या मैदानाला मार्टिन यांचं. मैदानाला हे नाव २००५मध्येच दिलं गेलं, ते कोच असतानाच.

५. सगळे सारखं ‘ओमाहा, ओमाहा’ का म्हणतात?

नेब्रास्का राज्यातलं ओमाहा हे शहर म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीजचं घर. १९५०पासून ही स्पर्धा तिथंच भरते. २०१०पर्यंत ती रोझेनब्लॅट स्टेडियममध्ये व्हायची, २०११पासून शहराच्या मध्यवर्ती भागातल्या नव्या मैदानावर होते.

तिथं पोचण्याची वाट लांब आहे. मेअखेर ६४ संघ निवडले जातात. ते चार-चारच्या १६ गटांत खेळतात. गटविजेते १६ संघ दोन-दोन करून तीन सामन्यांच्या मालिकेत भिडतात, आणि उरलेले ८ जूनच्या मध्यात ओमाहाला जातात. तिथं दोन पराभव झाले की घरी. शेवटच्या दोन संघांत तीन सामन्यांची अंतिम मालिका होते. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाला ‘यंदा ओमाहा’ एवढंच म्हणायचं असतं, पुढचं सगळं त्यात येतं.

६. खरंच १७ वेळा ओमाहाला जाऊन एकदाही विजेतेपद नाही?

खरं आहे. १९८०च्या पहिल्याच हंगामात ते तिथं पोचले, आणि २०१९च्या शेवटच्या हंगामातही. मधल्या काळात आणखी १५ वेळा. दोनदा अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत गेले: १९८६मध्ये ॲरिझोनाकडून १०-२ अशी हार, आणि १९९९मध्ये मायामीकडून ६-५.

१९९९चा पराभव जास्त बोचतो. तेव्हा अंतिम फेरीत एकच सामना असे. तीन सामन्यांची मालिका २००३मध्ये आली. १९९९च्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून हरलेल्या फ्लोरिडा स्टेटच्याच मार्शल मॅकडूगलची निवड झाली होती. याच मॅकडूगलनं आदल्याच महिन्यात, ९ मे १९९९ला, मेरिलँडविरुद्ध एका सामन्यात ६ होमरन मारून १६ धावा घरी आणल्या होत्या. असा गडी संघात असून एका धावेनं करंडक हुकला.

७. मग असं का झालं? नशीब की कोचची चूक?

हा प्रश्न बहुतेक टोमणा म्हणून येतो. तरी उत्तर मनापासून द्यावंसं वाटतं.

नशिबाचा भाग मोठा आहेच. बेसबॉलमध्ये एका दिवसाचा निकाल बहुतांशी पिचरवर ठरतो. ५६ सामन्यांत चांगला संघ वर येतो, पण दहा-बारा दिवसांच्या स्पर्धेत समोरच्याचा एक पिचर भरात असला की पुरे. तरीही १७ संधी म्हणजे बऱ्याच संधी, सगळं नशिबावर ढकलता येणार नाही. मार्टिन यांचे संघ संयमानं खेळत. वाईट चेंडू सोडायचे, फुकटचा बेस म्हणजे वॉक मिळवायचा, पिचरला दमवायचं. हंगामभर ही पद्धत भरपूर विजय देते, कारण सामान्य पिचर चार चेंडूंत दोन भरकटवतोच. ओमाहात समोर देशातले सर्वोत्तम पिचर असतात आणि ते फुकट काही देत नाहीत. माझ्या मते पद्धतीची मर्यादा तिथं उघडी पडायची.

पण ज्या पद्धतीमुळं शेवटचा सामना हुकला, त्याच पद्धतीमुळं संघ १७ वेळा तिथपर्यंत गेला. एक घ्यायचं आणि दुसरं विसरायचं, हा न्याय नव्हे. शिवाय करंडकाचं हे रिकामं कपाट एकट्या मार्टिन यांचं नाही: फ्लोरिडा स्टेट एकूण २४ वेळा ओमाहाला गेली आहे आणि विजेतेपद एकदाही नाही. त्यांच्याआधीही नाही, त्यांच्यानंतरही अजून नाही.

८. विजेतेपदच नाही, तर त्यांना एवढं मोठं का मानायचं?

४० हंगाम, आणि प्रत्येक हंगामात किमान ४० विजय. ४० हंगाम, आणि प्रत्येक वेळी राष्ट्रीय स्पर्धेत जागा. एकही वर्ष सुटलेलं नाही.

हे किती कठीण आहे ते कॉलेजच्या रचनेत पाहा. मुलगा तीन-चार वर्षांत जातो. तुम्ही घडवलेला सर्वोत्तम खेळाडू तर तिसऱ्या वर्षानंतरच मेजर लीगचे संघ उचलून नेतात. म्हणजे दर तीन वर्षांनी जवळजवळ नवा संघ उभा करायचा. शिष्यवृत्त्याही अपुऱ्या: त्यांच्या कारकिर्दीच्या मोठ्या भागात पूर्ण संघासाठी फक्त ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या पंचवीस-तीस मुलांत वाटून द्यायच्या. एखाद्याला निम्मी, एखाद्याला पाव. त्यातून एकदा ५० विजय मिळवणं हे चांगल्या कोचचं काम. मार्टिन यांची ४० वर्षांची सरासरीच हंगामाला ५० विजयांच्या वर आहे.

विजेतेपद एका चांगल्या पिढीच्या जोरावर येऊ शकतं. चाळीस वर्षं कधीही न घसरणं मात्र एका पिढीचं काम नाही. तिथं कोचच दिसतो.

९. त्यांच्या हाताखालून कोणते खेळाडू गेले?

यादी लांब आहे, दोघांवरच थांबतो.

जे. डी. ड्रू हा कॉलेज बेसबॉलमध्ये एकाच हंगामात ३० होमरन आणि ३० चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस) करणारा पहिला खेळाडू, साल १९९७. त्याच्या पुढच्या गुंत्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

दुसरा बस्टर पोझी. तो आला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून. २००७मध्ये त्याला कॅचर (बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) केलं गेलं. विशीतल्या मुलाला त्याची जागा सोडून खेळातल्या सर्वांत कष्टाच्या जागी बसवणं ही मोठी जोखीम असते. गुडघे जातात, बॅटिंग बिघडू शकते. २००८मध्ये पोझीची बॅटिंगची सरासरी .४६३ (म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा यशस्वी फटका) होती आणि देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार त्याला मिळाला. ड्रूलाही तो १९९७मध्ये मिळाला होता. पोझी पुढं सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून कॅचर म्हणूनच तीन वर्ल्ड सिरीज जिंकला, २०१०, २०१२ आणि २०१४. एका बदलानं माणसाचं आयुष्य कसं वळतं, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

१०. एकाच सामन्यात पोझी नऊही जागांवर खेळला, ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. १२ मे २००८, सव्हाना स्टेटविरुद्ध. पिचरपासून राइटफील्डरपर्यंत सगळ्या जागा झाल्या, आणि त्याच सामन्यात त्यानं ग्रँड स्लॅमही मारला, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन.

११. फुटबॉल खेळणारी मुलंही त्यांच्या संघात होती म्हणे?

होती. डिऑन सँडर्स फ्लोरिडा स्टेटमध्ये फुटबॉल (इथं सगळीकडे अमेरिकन फुटबॉल), बेसबॉल आणि ॲथलेटिक्स तिन्ही करायचा. पुढं तो सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना) आणि वर्ल्ड सिरीज या दोन्हींत खेळलेला एकमेव खेळाडू ठरला. जेमिस विन्स्टननं २०१३मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळवली आणि बेसबॉलच्या मोसमात तो शेवटच्या इनिंगला (नऊ डावांतल्या शेवटच्या डावाला) पिचिंग करायला यायचा. फ्लोरिडा स्टेटमध्ये फुटबॉलचं प्रस्थ प्रचंड आहे. तिथं अशा मुलाला बेसबॉलसाठी मोकळं करून घ्यायचं तर दोन्ही कोचांमध्ये विश्वास लागतो.

१२. सगळ्यात जास्त विजयांचा विक्रम आधी कुणाचा होता? आणि आता तो मोडेल का?

आधी ऑगी गरिडो यांचा होता, १,९७५ विजय. कॅलिफोर्नियातलं फुलरटन आणि नंतर टेक्सास अशा दोन ठिकाणी मिळून त्यांनी पाच विजेतेपदं मिळवली. मार्च २०१८मध्ये गरिडो गेले, आणि ५ मे २०१८ला क्लेमसनविरुद्ध मार्टिन यांनी त्यांना मागं टाकलं. २,०००वा विजय ९ मार्च २०१९ला व्हर्जिनिया टेकविरुद्ध आला. कॉलेज बेसबॉलमध्ये तोवर तिथं कुणीच पोचलं नव्हतं.

विजेतेपदांचा विक्रम वेगळा आहे, तो सदर्न कॅलिफोर्नियाच्या रॉड डेडो यांचा: ११. दोन्ही याद्यांत एकच नाव शोधू नका.

मोडण्याबद्दल: हंगामाला ५० विजय धरले तरी ४० वर्षं लागतात. आज कोच चार-पाच वर्षांत मोठ्या पगारावर दुसरीकडे जातात किंवा काढले जातात. एकाच जागी ४० वर्षं टिकणं हेच आता अवघड, त्यामुळं माझ्या पिढीत तरी हा विक्रम मोडेल असं वाटत नाही.

१३. शेवटचा हंगाम कसा गेला?

२०१८ला घरच्या मैदानावरच सलग दोन सामने हरून संघ पहिल्या टप्प्यात बाहेर पडला. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की २०१९चा ४०वा हंगाम शेवटचा.

तो हंगाम डळमळीत होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर ३६ विजय आणि २१ पराभव. एकदाही न तुटलेली ४० विजयांची साखळी शेवटच्या वर्षी तुटणार असं दिसत होतं. मानांकनाशिवाय संघ जॉर्जियाच्या अथेन्सला गेला आणि यजमानांच्याच मैदानावर गटाचे तिन्ही सामने जिंकला. मग लुइझियानात बॅटन रूजला. तिथलं एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं) मैदान म्हणजे पाहुण्या संघाची परीक्षा. पहिल्या सामन्यात ४०वा विजय आला. दुसरा १२ इनिंगपर्यंत लांबला आणि ५-४ असा फ्लोरिडा स्टेटनं घेतला. ओमाहात आर्कन्सॉला १-० हरवलं, पुढं मिशिगन आणि टेक्सास टेककडून हरून बाहेर. नोंद झाली ४२ विजय, २३ पराभव. करंडक नाही, पण साखळी अखंड.

१४. त्यांच्यानंतर काय झालं? मुलालाच गादी दिली का?

मुलगा माइक मार्टिन ज्युनिअर २०२०पासून तीन हंगाम कोच होता. पहिला तर मार्च २०२०मध्ये कोविडमुळं अर्ध्यावर थांबला. वडिलांकडे कॅचर म्हणून खेळलेला, मग कित्येक वर्षं सहायक राहिलेला हा माणूस होता. त्यामुळं ‘गादी’ हा शब्द मला त्याच्यावर अन्याय करणारा वाटतो. २०२२नंतर विद्यापीठानं त्याला बाजूला केलं आणि लिंक जॅरेट यांना आणलं. जॅरेट नव्वदीच्या सुरुवातीला मार्टिन यांच्याकडेच शॉर्टस्टॉप खेळलेले.

जॅरेट यांच्या पहिल्या हंगामात, २०२३ला, संघ २३ जिंकला आणि ३१ हरला. राष्ट्रीय स्पर्धेत जागाही मिळाली नाही. प्रश्न ८मधला मुद्दा कुणाला अजून पटला नसेल, तर हा हंगाम पाहावा. मैदान तेच, विद्यापीठ तेच, नव्या कोचची जाणही चांगली, तरी ४० विजय आपोआप येत नाहीत. मार्टिन गेले त्याच वर्षी, २०२४च्या जूनमध्ये, जॅरेट यांनी संघाला पुन्हा ओमाहाला नेलं.

१५. आमचा मुलगा अमेरिकेत हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो. कॉलेज निवडताना मोठ्या कोचचं नाव पाहावं का?

मराठी घरांतून येणारा हा प्रश्न वाढतो आहे. नाव पाहा, पण आधी त्या संघात तुमच्या मुलाच्या जागी किती खेळाडू आहेत ते पाहा. मोठ्या संघात बाकावर बसून दोन वर्षं जाऊ शकतात.

पैशाचं गणितही नीट समजून घ्या. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही, तिथं अभ्यासाच्या किंवा गरजेच्या आधारावर मदत मिळते. पहिल्या डिव्हिजनमधली ११.७ची मर्यादा २०२५-२६पासून, नवी पद्धत स्वीकारलेल्या विद्यापीठांत, गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू अशी मर्यादा आली. म्हणजे शिष्यवृत्ती देण्याची मुभा वाढली, जागा मात्र कमी झाल्या. ज्युनिअर कॉलेजला कमी लेखू नका. रोज खेळायला मिळतं, आणि दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता येतं. मार्टिन स्वतः त्याच वाटेनं आले (प्रश्न ४).

१६. ड्राफ्टमध्ये निवड झाली की खेळाडूला जावंच लागतं का? ड्रूचं काय झालं होतं?

जावंच लागतं असं नाही. ड्राफ्ट म्हणजे मेजर लीगच्या संघांनी पाळीपाळीनं केलेली नव्या खेळाडूंची निवड. हायस्कूल संपताना मुलगा ड्राफ्टमध्ये निवडला जाऊ शकतो. चार वर्षांच्या कॉलेजात एकदा दाखल झाला की मात्र तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वय २१ होईपर्यंत त्याला निवडता येत नाही. ड्रू आणि पोझी दोघांनाही हायस्कूलनंतर व्यावसायिक संघांनी निवडलं होतं. दोघांनीही नकार देऊन टॅलाहासी गाठलं.

१९९७मध्ये फिलाडेल्फिया फिलीजनं ड्रूला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. पैशांवर एकमत झालं नाही आणि त्यानं करार केला नाही. पण तो फ्लोरिडा स्टेटकडेही परतला नाही. मिनेसोटातल्या सेंट पॉल सेंट्स या स्वतंत्र लीगच्या संघाकडून खेळला आणि १९९८च्या ड्राफ्टमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सनं त्याला घेतलं. कोचच्या हातात अशा वेळी काहीच नसतं.

१७. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते, मग नोंदीत ते ४ सामने बरोबरीत कसे?

नियमानं सामना निकाल लागेपर्यंत चालतो, जादा इनिंग खेळून. पण कॉलेज संघांना ठरलेल्या वेळी परतीचा प्रवास करायचा असतो, म्हणून काही सामन्यांत आधीच वेळेची मर्यादा ठरवतात. त्या वेळी धावा समान असतील तर सामना तिथंच थांबतो. पाऊस किंवा अंधारामुळंही हे घडतं, आणि पुन्हा खेळायला मोकळा दिवस नसेल तर नोंद बरोबरीची होते. ४० वर्षांतल्या २,७६९ सामन्यांत असे चार. सहायक कोच म्हणून १९७५ ते १९७९ या काळातले विजय या हिशेबात येत नाहीत. ते वुडवर्ड आणि हाउसर यांच्या नावावर आहेत.